नसलेली भिंत

"सर, याला कळलं."

पावसाळ्यातला रविवार, कोथरूडमधला एक हौशी विज्ञानवर्ग आणि आठवीतल्या एका मुलाचे हे तीन शब्द. टेबलावर निळा प्लास्टिकचा ट्रे होता, त्याच्या आतल्या कडांना व्हॅसलीनचा हात फिरवलेला, आणि मधोमध एक झुरळ. काही खास जातीचं नव्हे. ड्रेनेजच्या झाकणाखाली असतं तेच, तांबूस, पंखवालं, रात्री मोरीत दिवा लावला की बादलीमागे पळतं ते. त्याच्या मानेवरच्या ढालीवर तीन पिनांचा काळा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यातून निघालेल्या केसासारख्या तारा वर स्टँडला सैल टांगल्या होत्या. मुलाच्या हातात दोन बटणं. डावं दाबलं की झुरळ उजवीकडे वळे, उजवं दाबलं की डावीकडे. पहिली पाच मिनिटं सगळा वर्ग ट्रेवर ओणवा झाला होता. कुणी किंचाळत होतं, कुणी मोबाइल धरला होता. मग वळण बोथट होत गेलं. आधी काटकोनात वळणारं झुरळ नुसतं अंग मुरडल्यासारखं करू लागलं आणि पंधराव्या मिनिटाला बटण दाबून धरलं तरी ते आपलं सरळ चालत राहिलं. तेव्हा तो मुलगा म्हणाला. सरांनी वायर चाचपता चाचपताच उत्तर दिलं, "कळलं नाही रे, सवय झाली." आणि वर्ग पुढच्या प्रयोगाकडे गेला.

कळणं आणि सवय होणं यांत फरक काय, हे मात्र त्या ट्रेतच राहून गेलं.

झुरळाची मिशी म्हणजे बोट आणि नाक एकाच काडीवर बसवल्यासारखं प्रकरण आहे. शंभराहून जास्त बारीक पेरं, आतून पोकळ, आणि त्या पोकळीतून चेतांचे जुडगे थेट डोक्यात गेलेले. अंधारात झुरळ चालतं ते भिंतीला एक मिशी लावून, जिन्यात दिवे गेल्यावर आपण कठड्यावर हात ठेवून उतरतो तसं. मिशीला समोरून अचानक काही टेकलं की चेतांमधून संदेशांची एक सर डोक्यात जाते आणि शरीर उलट्या बाजूला वळतं. मिशीत घातलेल्या तारेतून येणारा विजेचा स्पंद याच चेतांना चेतवतो. बाकी काही नाही. पायांना कोणी हात लावत नाही, स्नायूंपर्यंत वीज जातही नाही. झुरळ वळतं ते स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या हिशेबाने. ज्या भिंतीला बिचकून ते वळतं ती भिंत तेवढी तिथे नसते. आळंदीला ज्ञानोबांनी चालवलेली भिंत दाखवतात, तिचं दर्शन तरी घेता येतं. ही दुसरी भिंत एका झुरळाच्या डोक्यात अर्धा सेकंद उभी राहते आणि विरून जाते. म्हणून 'रिमोटवर चालणारं झुरळ' हे वर्तमानपत्री नाव खरं तर चुकीचं आहे. रिमोटवर खेळण्यातली गाडी चालते. इथे आपण एका जिवाशी त्याच्याच भाषेत खोटं बोलत असतो, आणि तो विश्वास ठेवतो.

हे खोटं बोलायला लागतं काय, तर फारसं काही नाही. झुरळ धरायला काचेची बरणी, तिच्या आतल्या गळ्याला दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा, तळाशी बिअरमध्ये भिजवलेला पावाचा तुकडा. घरात बिअर चालत नसेल तर चांगलं आंबलेलं इडलीचं पीठ लावून बघावं. आंबूस वास महत्त्वाचा. बरणीला बाहेरून वर्तमानपत्र गुंडाळायचं, म्हणजे चढायला पकड मिळते. सकाळी बरणीत चार-पाच असतील तर त्यातलं पंख पूर्ण आलेलं आणि दोन्ही मिशा शाबूत असलेलं निवडायचं. पंख न आलेलं पिल्लू घेतलं तर ते कधीतरी कात टाकतं आणि आपली सगळी कारागिरी कातीबरोबर ट्रेमध्ये पडलेली सापडते. पेस्ट कंट्रोल झालेल्या इमारतीतलं झुरळ घेऊ नये. फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं चेतापेशींमधली सोडियमची दारं उघडीच धरून ठेवतात, चेता कारण नसताना धडधडत राहतात, आणि मग झुरळ वळलं ते आपल्या स्पंदाने की औषधाने हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. हातमोजे घालावेत. झुरळाच्या अंगाच्या भुकटीने अनेकांना दमा उठतो, आणि ते आलेलं असतं गटारातून.

बाकीचं सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका फेरीत होतं: छोटा अर्ड्युइनो नॅनो (स्पंद सोडणारा सर्किट बोर्ड), बारीक अंतराच्या हेडर पिना, ब्रेडबोर्ड, दोन बटणं, रेझिस्टर, कपॅसिटर. अमेरिकेतल्या बॅकयार्ड ब्रेन्स या कंपनीने २०१३ मध्ये 'रोबोरोच' नावाचा तयार संच काढला, त्यात झुरळाच्या पाठीवर ब्लूटूथचं दप्तर असतं आणि फोनवरून बोट फिरवून त्याला वळवता येतं. पण ते दप्तर साडेचार ग्रॅमच्या आसपासचं, आणि त्यांचं झुरळ आपल्यापेक्षा आडवंतिडवं थोराड. आपलं मोरीतलं जेमतेम एक ग्रॅम भरतं. म्हणून इथे दप्तर नको, वरून सोडलेल्या तारा बऱ्या. स्पंद सेकंदाला पन्नास-पंचावन्न, प्रत्येक स्पंद काही मिलिसेकंदांचा, तीन व्होल्टच्या आत, आणि एका वेळी अर्धा सेकंद. प्रत्येक तारेच्या वाटेत दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि एक मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर घालायचा. रेझिस्टर प्रवाहाला लगाम घालतो. कपॅसिटर एकाच दिशेने वाहत राहणारी वीज अडवतो. तो नसला तर तारेच्या टोकाशी विद्युत अपघटन होतं, बारीक बुडबुडे येतात आणि भोवतालची ऊती जळते. दोन दिवसांत मिशी मेली अशी तक्रार येते तेव्हा दहातल्या सात वेळा हा कपॅसिटर गाळलेला असतो, असा आपला अंदाज. सगळं बॅटरीवर चालवायचं, चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपवर नाही. नाहीतर घरातल्या अर्थिंगचा गुणगुणाट झुरळाच्या मिशीत उतरतो.

तार चांदीची, आणि चांदी ९९९ची. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, ते ऊतीला बाधतं. सोन्या मारुती चौकाच्या आसपास एखादा जुना कारागीर अजून जंत्रीतून तार ओढून देतो, केसाहून किंचित जाड. कशासाठी हवी म्हणून विचारलं तर खरं सांगू नये. तारेवर नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे आणि टोकाचा दोन मिलिमीटर भाग ब्लेडने खरवडून उघडा करायचा. जमलं तर ते टोक धुण्याच्या ब्लीचमध्ये काही मिनिटं बुडवून ठेवायचं. चांदीवर क्लोराइडचा राखाडी थर येतो आणि स्पंद जास्त स्वच्छ जातो.

मग बर्फ. भांड्यात बर्फाचं पाणी, त्यात झुरळ; चार-पाच मिनिटांत पाय हलायचे थांबतात. टिपकागदावर कोरडं करून बर्फावर ठेवलेल्या मातीच्या चिखलात, शाळेतल्या क्लेमध्ये, अलगद दाबून बसवायचं. मानेवरच्या ढालीवर मेणाचा थर असतो, त्याच्यावर फेविक्विक धरत नाही. बारीक पॉलिश पेपरने पाच-सहा हलके हात, चकाकी गेली की थांबायचं. पिनांच्या तुकड्याला टाचणीच्या टोकाने गोंद लावायचा, बाटलीतून नाही. एक थेंब ओघळून मानेच्या सांध्यात गेला की डोकं कायमचं जखडतं. तिसरी तार, परतीची, छातीत जाते. सुईने पंखाच्या मुळाशी बारीक भोक पाडायचं, पण मध्यरेषा सोडून बाजूला, कारण झुरळाचं हृदय म्हणजे पाठीच्या बरोबर मधून जाणारी एक लांब नळी असते. तीन-चार मिलिमीटरच्या खाली गेलं तर अन्ननलिका फुटते. आणि शेवटी मिशा. मुळाशी एक सेंटिमीटर ठेवून बाकीची मिशी बारीक कात्रीने कापायची, त्या नळीत तार चार-पाच मिलिमीटर सरकवायची. कापलेल्या टोकाशी रंग नसलेल्या रक्ताचा एक मोती येतो. तो यायलाच हवा. तारेला तो ओलावा लागला नाही तर जोड कोरडा राहतो. पण तो पुसायच्या आत गोंद लावला तर गोंद आणि रक्त यांचा पांढरा गोळा होतो आणि तार निसटते. या एका जागी हात थरथरणारे आणि न थरथरणारे वेगळे होतात.

कात्रीचा आवाज येत नाही, इतकी ती मिशी बारीक.

एक दिवस विश्रांती, गाजराचा तुकडा, ओला कापूस. मग जोडायचं. बहुतेक वेळा पहिल्याच स्पंदाला वळण मिळतं, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ते जातं. गेलं म्हणजे काय झालं हे शोधण्याची एक रीत आहे, आणि त्या रविवारी कोणी ती केली नाही. झुरळाच्या शेपटाशी दोन छोटे काटे असतात, त्यांवरच्या केसांना वाऱ्याची झुळूक कळते. आपली चप्पल खाली यायच्या आत ते पसार होतं ते या केसांच्या जिवावर. स्ट्रॉने त्या काट्यांवर हळूच एक फुंकर मारायची आणि लगेच बटण दाबायचं. वळण परत आलं तर तार ठीक आहे, चेताही थकलेल्या नाहीत. झुरळाने त्या स्पंदाकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली होती आणि फुंकरीने ते पुन्हा सावध झालं. फुंकरीनंतरही काही नाही, तर जोड वाळला, गोंद आत गेला किंवा झुरळाने तार उपसली. स्पंदांचा वेग बदलूनही हेच तपासता येतं. वीस मिनिटं सोडून दिलं की वळण काही अंशी परत येतं. पण दिवसागणिक कमी कमी, आणि दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत केव्हातरी ते कायमचं संपतं. शास्त्रात याला सरावणं म्हणतात आणि ते शिकण्याचं सर्वांत साधं रूप मानलं जातं. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईच्या मोजक्या चेतापेशींमध्ये हे सरावणं कसं घडतं ते उलगडलं, आणि स्मरणशक्तीवरच्या त्या कामासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे सरांचं बरोबर होतं. आणि शिकणं म्हणजे कळणं असेल, तर मुलाचंही.

झुरळाला हे दुखतं का, या प्रश्नाला इथूनच एक वाट फुटते, जी वादाच्या धुरळ्यात कुणाला दिसत नाही. इजा करणाऱ्या गोष्टीला प्राणी सहसा सरावत नाहीत. उलट हळवे होतात, पुढच्या वेळी लवकर दचकतात. भाजलेल्या बोटाला कोमट पाणीही झोंबतं तसं. झुरळ पंधरा मिनिटांत स्पंदाकडे काणाडोळा करू लागतं, याचा सरळ अर्थ त्याला तो निरुपद्रवी स्पर्श वाटतोय. बटण न जुमानणारं झुरळ हा ते बटण दुखवत नसल्याचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. पण हौशी माणूस नेमक्या याच क्षणी व्होल्टेज वाढवतो. स्पंदाची रुंदी दुप्पट करतो. झुरळ उडी मारतं, सैरावैरा धावतं, ट्रेच्या कडेवर आपटतं, आणि बघणारे म्हणतात, चाललं बुवा परत. ते वळणं नसतं, पळणं असतं. ही सीमा ओलांडल्याचं डोळ्यांनी कळतं, मीटर लागत नाही.

बैलाला वेसण घालतात तेव्हाही नाकाच्या पडद्याला भोक पाडतात आणि तिथे भूल वगैरे काही नसते. ज्याने ते पाहिलं आहे तो झुरळाच्या मिशीवरून फार सुस्कारे टाकायला धजणार नाही. तरी एक फरक मनातून जात नाही. कासरा ओढला की बैलाला समजतं, ओढणारा मागे बसला आहे. तो मान हिसडतो, फुरफुरतो, कधी बसकण मारतो, आणि दोघांनाही ठाऊक असतं की हे भांडण कोणाशी आहे. गुबुगुबु वाजवणाऱ्याकडे बघून मान हलवणाऱ्या नंदीबैलालाही समोरचा माणूस माहीत असतो. झुरळाला भांडायला कोणी नाही. त्याच्या लेखी तिथे भिंत आहे, एवढंच.

निसर्गात याहून वाईट चालतं, असं म्हणून काहीजण सुटका करून घेतात. चालतंच. हिरव्या-निळ्या झळाळीची एक गांधीलमाशी आहे, अँप्युलेक्स कंप्रेसा, आपल्या देशातही आढळते. ती झुरळाला आधी छातीत डंख मारते, त्याने पुढचे पाय काही मिनिटांपुरते लुळे पडतात. मग मानेतून डंख थेट डोक्यात घालते, अंदाजाने नव्हे, आत चाचपून, मेंदूतली नेमकी जागा शोधून. त्यानंतर झुरळ लुळं पडत नाही. चालू शकतं, पण स्वतःहून चालायला निघत नाही. माशी त्याच्या मिशा अर्ध्यावर कुरतडते, येणारं रक्त पिते, आणि उरलेल्या खुंटाला धरून त्याला वेसणीला धरल्यासारखं बिळात नेते. झुरळ मुकाट मागे जातं. तिथे त्याच्या पायाशी एक अंडं. पुढचं सांगायला नको. आपल्याकडे कीटक-भृंगी न्याय म्हणून जो दाखला कीर्तनात येतो, की भृंगीने घरात कोंडलेली अळी तिच्या ध्यासाने स्वतःच भृंगी होते, त्याच्या मुळाशी असंच कुणीतरी कुंभारीण माशीचं मातीचं घरटं पाहिलेलं असणार: आत अळी गेली, बाहेर माशी आली. मधलं खाणं दिसलं नाही म्हणून तो अध्यात्माचा दृष्टांत झाला. दृष्टांत सुंदरच आहे. अळीला विचारलेलं नाही, इतकंच. आणि माशीचा दाखला देणाऱ्यांना एकच सांगायचं, की माशीच्या अळीला दुसरं अन्न नाही.

आपल्याकडे कारणं पुष्कळ असतात. टोकियोत होल्झर आणि शिमोयामा यांनी १९९७ मध्ये हेच मोरीतलं झुरळ, शास्त्रात ज्याला अमेरिकन झुरळ म्हणतात ते, मिशांतल्या विजेने वळवून दाखवलं, तेव्हा कारण यंत्रमानवशास्त्र होतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने कीटकांत इलेक्ट्रॉनिक्स बसवण्याचा कार्यक्रम काढला, कोशातल्या पतंगाच्या अंगात तारा घालायच्या म्हणजे पतंग बाहेर येईतो ऊती त्यांच्याभोवती वाढलेली असते. तिथे कारण उघडच होतं. २००९ मध्ये बर्कलीत हिरोताका सातो आणि मिशेल महारबिझ यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या भुंग्याला रेडिओवरून उडवलं, थांबवलं, वळवलं. त्यात वळवण्यासाठी वीज थेट उडण्याच्या स्नायूला दिली होती. ते खोटं बोलणं नव्हे, ती कळसूत्री बाहुली. या दोन्हींत नैतिक फरक आहे असं मला वाटतं, पण जास्त वाईट कोणतं यावर दिवसागणिक मत बदलतं. आज सगळीकडे एकच कारण सांगतात: ढिगाऱ्याखालची माणसं.

ते कारण खोटं नाही. मुठीएवढ्या चालत्या यंत्राची बहुतेक बॅटरी पाय हलवण्यात जाते. झुरळ पाय स्वतः हलवतं, खाणं स्वतः शोधतं, पडलं तर सावरतं, आणि बॅटरी लागते ती फक्त दिशा द्यायला. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात सातो यांच्याच गटाने मादागास्करच्या बोटाएवढ्या, फुसफुसणाऱ्या झुरळांवर उष्णता टिपणारे छोटे कॅमेरे बसवले, आणि २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारला ७.७चा भूकंप झाला तेव्हा सिंगापूरच्या बचावपथकाबरोबर अशी दहा झुरळं तिथे गेली. त्यांच्यामुळे कोणी जिवंत हाती लागलं नाही. पण खऱ्या ढिगाऱ्यात ती उतरली. जपानच्या रिकेन संस्थेने २०२२ मध्ये झुरळाच्या पोटावर चार मायक्रॉन जाडीचं सौर पटल चिकटवलं, सबंध न चिकटवता एकाआड एक पट्ट्यांत, म्हणजे पोटाच्या कड्या एकमेकींवर सरकायच्या थांबत नाहीत. जाड पटल लावलं की झुरळ रेंगाळतं, आणि उलथं पडलं तर सुलटं होता होत नाही. वजनापेक्षा अंगाचा वाक जास्त महत्त्वाचा, हे कागदावर कुणाला सुचलं नसतं.

पण हेच ज्ञान पुरतं मांडलं तर गोष्ट अडते. कौशिक जयराम आणि रॉबर्ट फुल यांनी २०१६ मध्ये मोजून दाखवलं की आपलं मोरीतलं झुरळ तीन मिलिमीटरच्या फटीतून स्वतःला चेपून आरपार जातं. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढी फट. ढिगाऱ्यात झुरळ न्यायचं ते याच कौतुकासाठी. आणि पाठीवर कॅमेरा, बॅटरी, रेडिओ चढवल्याबरोबर ते कौतुक संपतं. चेपता येत नाही, अडकता मात्र येतं. शिवाय ओल्या काँक्रीटखाली ब्लूटूथच्या लहरी फार आत जात नाहीत, पाणी त्या पिऊन टाकतं. आणि पुणे जिल्ह्यातल्या माणसाला ढिगारा म्हटल्यावर जे आठवतं, ३० जुलै २०१४ची माळीणची सकाळ, तिथे तर फट नावाची गोष्टच नव्हती. डोंगराचा चिखल घरांत भरून घट्ट बसला होता. सुदुंबऱ्याहून गेलेले एनडीआरएफचे जवान पावसात दिवसचे दिवस उकरत होते. तिथे झुरळाला चालायला जागा नाही, माणसाला श्वास घ्यायला नाही. स्लॅब एकावर एक बसलेल्या इमारतीत पोकळ्या राहतात. तिथे उपयोग, तिथेच बोलावं.

आणि उपयोग करायचा म्हटलं की कोथरूडच्या ट्रेतली ती गोष्ट पुन्हा समोर येते. ढिगाऱ्यात पंधराव्या मिनिटाला झुरळाने ऐकणं सोडून चालणार नाही. म्हणून या क्षेत्रातली बरीच अक्कल खर्च होते ती झुरळाला सरावू न देण्यावर: स्पंदांचा वेग मधूनच बदलायचा, मिशांऐवजी शेपटाच्या काट्यांना डिवचायचं, झुरळ आपणहून बरोबर जात असेल तोवर गप्प बसायचं. हे शेवटचं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं; चांगला गाडीवानही सरळ रस्त्याला कासरा सैल सोडतो. पण एकूण धंदा काय, तर त्याला कळू द्यायचं नाही. सिंगापूरच्या गटाने २०२५ मध्ये यंत्रहाताने अशी झुरळं जोडायची रीत काढली. मिशा कापायच्याच नाहीत, मानेच्या ढालीमागच्या मऊ पडद्यातून तारेची टोकं आत घालायची, एका झुरळाला अडुसष्ट सेकंद. मिशा वाचल्या, हे मोठंच झालं. हौशी मंडळींनाही मिशी कापायला यापुढे सबब उरलेली नाही. आणि अडुसष्ट सेकंदांचा अर्थ असाही, की दहाची हजार व्हायला आता वेळ लागणार नाही.

तारा घालण्याआधी बर्फाने दिलेली ती भूल तरी भूल आहे का, हेही नीट माहीत करून घ्यायला हवं. थंडीत झुरळ हलत नाही, कारण चेतांमधली आयनांची ये-जा मंदावते. पण न हलणं म्हणजे न जाणवणं असं नाही. भुलीसाठी वापरतात त्या कार्बन डायऑक्साइडचंही तेच. १९८४ मध्ये आयझेमान आणि सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं की किड्याचा पाय चिरडला तरी तो लंगडत नाही, प्रार्थनाकीटकाच्या तोंडात असलेला टोळ आपलं खाणं चालू ठेवतो. त्यावर दोन-तीन दशकं सगळे निर्धास्त राहिले. २०२२ मध्ये मटिल्डा गिबन्स, लार्स चिट्का आणि इतरांनी कीटकांच्या वेदनेचे पुरावे आठ निकषांवर तपासले, तेव्हा सगळ्यांत जास्त, सहा निकषांना उतरले ते माश्या-डासांचे आणि झुरळ-वाळवीचे गट. वेदना सिद्ध झाली असं नाही. नाही असं म्हणायची सोय गेली. आपला १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव अशी व्याख्या करतो, म्हणजे शब्दशः झुरळही आत येतं. व्यवहारात नैतिकता समितीचे कागद उंदरा-सशांसाठी भरले जातात. बारावीच्या प्रॅक्टिकलला झुरळाच्या तोंडाचे भाग काचपट्टीवर लावून मार्क मिळवलेल्या पिढ्या इथे आहेत, मेणाच्या ट्रेचा आणि क्लोरोफॉर्मचा वास अजून आठवणाऱ्या. २०११ मध्ये यूजीसीने कॉलेजांतलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं. ते बरं झालं. त्याच कॉलेजांच्या कँटीनमध्ये दर तीन महिन्यांनी झुरळं मारणाऱ्या जेलचे ठिपके लागतात, त्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही, आणि सांगणंही अवघड आहे.

मुलांना हा प्रयोग दाखवू नये असं मत पुष्कळांचं आहे. माझं तसं नाही, पण अटी आहेत. एका वर्गाला एक झुरळ. बटणं हातोहात फिरवायची नाहीत. आधी फुंकरीची चाचणी शिकवायची, मग बटण द्यायचं. वळण थांबलं की प्रयोग थांबला. व्होल्टेजचा नॉब मुलांच्या हाताला लागेल असा ठेवायचाच नाही. आणि कुणी "याला कळलं" असं म्हणालं, तर वायर खाली ठेवून निदान दोन मिनिटं त्या वाक्यापाशी थांबायचं.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर सरांनी पिना सोडवल्या आणि झुरळ श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडलेल्या. आत गाजराची चकती. मुलं छत्र्या शोधत होती, बाहेर पाऊस भरून आला होता. तो आठवीतला तेवढा डब्यावर वाकून उभा राहिला. झुरळ मिशा साफ करतं ते पुढच्या पायाने मिशी खाली ओढून, तोंडात धरून, मुळापासून टोकापर्यंत चोखत. डब्यातल्या झुरळाने उजवा पाय उचलला, डोक्यावरून पुढे नेला आणि जिथे मिशी असायला हवी तिथून खाली ओढला. पायाला काही लागलं नाही. त्याने पाय पुन्हा उचलला.